शून्याखालची सुई

आर्वीच्या तहसील कचेरीच्या आवारात, कडुनिंबाखालच्या टेबलाशी बसून मी आजवर असंख्य अर्ज लिहिले. परंतु एकाही अर्जात 'सूड' हा शब्द लिहिलेला नाही. अर्जात तो चालत नाही. तेथे 'न्याय मिळावा ही विनंती' असे लिहावे लागते, आणि समोर बसलेल्या पक्षकाराच्या डोळ्यांत काय आहे ते ओळखून, ते त्या चार शब्दांत बसवावे लागते. या कामात तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही, हे मी विनयाने नमूद करतो. आत्मचरित्र मात्र कोणत्याही साहेबाच्या सहीसाठी जात नसल्यामुळे येथे मी तो शब्द उघडपणे लिहितो. या प्रकरणातील हकीकत सुडाची आहे. तो ज्या हत्याराने घेतला ते हत्यार ऐकून वाचकास नवल वाटेल. महायुद्धातील लढाऊ विमानाच्या इंजिनात हवा कशी ठासून भरली जाते आणि तो दाब मोजणारी सुई काय सांगते, याचे ज्ञान हेच ते हत्यार होय. दहावी नापास झालेल्या, विमान केवळ आकाशातून जाताना पाहिलेल्या माणसाने ते मिळवले, आणि मिळवताना त्याच्या मनात विज्ञानप्रेम नव्हते. द्वेष होता.

आमचे घर आंजीचे, मोठ्या आंजीचे. घरात बाबा, आई, मी, आणि सणावारी आर्वीहून येणारी माझी थोरली बहीण शकुताई. रोजचा स्वयंपाक चुलीवर होई. रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह फडताळावर कापड पांघरून ठेवलेला असे आणि तो फक्त जावयासाठी खाली उतरे. त्यामुळे माझ्या बालपणातील काही आवाज कानात असे बसले आहेत की आजही ते ऐकले की माझे दात एकमेकांवर येतात. आई पिन मारून स्टोव्हचे तोंड साफ करी, मग पंपाचे धपधप, मग ती निळी, एकसुरी फुसफुस. ती फुसफुस सुरू झाली म्हणजे मनोहर भाऊजी ओटीवर पाट घेऊन बसले आहेत असे समजावे. भाऊजी आर्वीच्या एका शाळेत विज्ञान शिकवीत. जेवायला पातोडीचा रस्सा, गोळाभात, त्यावर कढवलेल्या तेलाची धार, आणि वाटीभर तूप निराळे. त्यांचे ताट उचलले जाईपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. बोलण्यापूर्वी ते वर्गात खाकरतात तसे खाकरत, आणि त्या खाकरण्यासरशी बाबांसारखा वावरात बैलांना दरडावणारा माणूससुद्धा मान पुढे करून बसे.

भाऊजींपाशी एक इंग्रजी ग्रंथ होता. नागपुरातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेला, खाकी कव्हर घातलेला, महायुद्धातल्या विमानांच्या चित्रांनी भरलेला. जेवण झाले, सुपारी फिरली, की शेजारची मंडळी ओटीवर येत आणि भाऊजी तो ग्रंथ मांडीवर उघडून व्याख्यान देत. पानास हात लावण्याची परवानगी कोणासही नसे, ताईसही नसे. त्या वर्षी मी दहावीत गणितात आपटलो होतो आणि आर्वीला ताईकडे राहून पुन्हा बसावयाचे असे घरात ठरत आले होते. पेटी भरलेली होती. आईने लोणच्याची बरणी बांधून ठेवली होती. भाऊजींनी फक्त 'हो' म्हणावयाचे बाकी होते, आणि ते त्याच रात्रीच्या जेवणानंतर म्हणतील असे आम्ही धरून चाललो होतो.

"हे पाहा," भाऊजी इंजिनाच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "हा इंजिनाच्या मांग जो पंखा हाये, त्याले सुपरचार्जर म्हन्तात. विमान वर गेलं की हवा पातळ होते. मंग इंजिन तापते. त्याले थंड कराले हा पंखा."

मी दाराशी बसलो होतो. मला खोडी काढावयाची नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

"भाऊजी," मी म्हणालो, "आत्ता तर तुमी म्हनले का वर बर्फासारखी थंडी राह्यते. मंग थंड कराले पंखा कशाले?"

शेजारचे एक काका हसले. बस, एवढेच झाले. भाऊजींनी ग्रंथ मिटला, कव्हरची घडी नीट केली, आणि खाकरले.

"गजाननराव," ते म्हणाले. एरवी ते मला गजू म्हणत. "गणितात किती मार्क भेटले तुमाले, ते सांगा ना मंडळीले. सांगा, लाजू नका."

मी सांगितले नाही. त्यांनीच सांगितले. मग बाबांकडे वळून म्हणाले, "मामाजी, राग नका मानू. याले माह्या घरी ठेवून काई उपेग नाई. या पोराच्या डोक्यात मशीन शिरतच नाई. त्याले जीनवर लावून द्या, कापूस तुडवाले. तेवढं झेपते त्याले."

बाबा जमिनीकडे पाहत म्हणाले, "तुमी म्हन्ता तसं, जवाईबापू."

आत आईने स्टोव्हची हवा सोडली. ती फुसफुस हळूहळू विझत गेल्याचे मला स्पष्ट ऐकू आले. ताई दारामागे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि मग नवऱ्याच्या मांडीवरच्या त्या ग्रंथाकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी पेटी रिकामी झाली.

अर्जलेखनाचा पहिला नियम मी पुढे अनेकांना शिकवला: विरुद्ध पक्ष ज्या कागदाच्या जोरावर उभा आहे, तोच कागद आधी वाचावा. हा नियम मला कोणी शिकवला नाही. त्या अपमानाने शिकवला. भाऊजींचा सगळा मान त्या ग्रंथावर उभा होता. म्हणून मला दुसरे काही नको होते, तोच ग्रंथ हवा होता.

कापसाच्या हंगामात मी खरोखर कापूस तुडवू लागलो. आमच्याकडे गाडी भरण्याची रीत अशी, की बैलगाडीला चहूबाजूंनी बांबू उभे करून गोणपाट ताणायचे आणि त्या पिंजऱ्यात वरून कापूस ओतायचा. वेचलेला कापूस फुललेला असतो. चार गाठोडी ओतली की गाडी काठोकाठ दिसते. मग आत एक हलका माणूस उतरवतात. तो बांबूला धरून गोल गोल फिरत तुडवतो, कापूस खाली बसतो, पुन्हा ओततात, पुन्हा तुडवतात. नाकातोंडात तंतू जातात, पायांना पऱ्हाटीची बोंडे टोचतात. तो हलका माणूस मी होतो. दिवसभर तुडवताना मी भाऊजींचा चेहरा पायाखाली धरीत असे, आणि त्यामुळे आमची गाडी गावात सर्वांत घट्ट भरली जाई. असाच तुडवीत असताना एका दुपारी मी थांबलो. गाडी तेवढीच होती. चाके तीच, बांबू तेच. तरी आत माल दुप्पट गेला होता, आणि तो केवळ माझ्या पायांनी गेला होता. उंचावरची पातळ हवा म्हणजे हा फुललेला कापूस, इंजिनाची नळकांडी म्हणजे ही गाडी, आणि तो मागचा पंखा म्हणजे मी. तो थंड करीत नव्हता. तो तुडवीत होता. खाली वावरातून बाबा ओरडले, "काऊन थांबला बे?"

गाड्या आर्वीच्या जिनावर, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यावर, जात. तेथे रांग एवढी असे की बैल सोडून माणसे झाडाखाली आडवी होत. मी बाबांना सांगून ताईकडे जाई. भाऊजी त्या वेळी शाळेत असत. ताई मला चहा आणि सांज्याची वाटी देई, हात पदराला पुसून कपाटातून तो ग्रंथ काढी, आणि पाटावर ठेवी. ताई मॅट्रिक झालेली होती. तिला शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला जायचे होते. 'एका घरात दोन मास्तर कशाले' असे म्हणून भाऊजींनी ते मोडले होते, आणि पाहुण्यांपुढे ते तिच्याविषयी 'ही पोथी वाचते, बाकी काई नाई' असे सांगत. शब्दकोश तिच्या माहेरच्या ट्रंकेत होता, तो मी नेऊन दिला. ती एकेक ओळ इंग्रजीत वाचे, शब्द शोधी, आणि मी तिला कापसाच्या भाषेत अर्थ सांगे.

अशा रीतीने आम्ही दोघांनी ते सारे ओढून काढले. इंजिन पेट्रोलवर चालते असे लोक म्हणतात. परंतु हवा नसेल तर पेट्रोल नुसते ओले करते, जाळत नाही. जितकी हवा तितकेच पेट्रोल, आणि तितकीच ताकद. उंचावर हवा विरळ, म्हणून साधे इंजिन तेथे धापा टाकते. सुपरचार्जरचा पंखा ती विरळ हवा दाबून आत भरतो. तो पंखा इंजिनाच्याच ताकदीवर फिरतो, म्हणजे इंजिन आपल्याच कमाईतला वाटा देऊन त्याला पोसते. जमिनीलगत हवा मुळातच दाट असते. तेथे फाजील दाबली तर सायकलच्या पंपाचे तोंड तापते तशी तापते, आणि नळकांडीत वेळेआधी भडका उडून इंजिन फुटते. म्हणून इंजिनाची ताकद कमीजास्त करण्याच्या वैमानिकाच्या दांड्याला ठरावीक जागी पातळ तार बांधलेली असे. जीव वाचवायचा असेल तेव्हाच ती तोडून दांडा पुढे रेटायचा, आणि तोही थोडाच वेळ. ती तार मला फार आवडली. मी ताईला ते वाक्य पुन्हा वाचावयास लावले.

एक गोष्ट मात्र अडली. दाबाच्या घड्याळाचे चित्र होते. त्यात सुई शून्यावर, आणि शून्याच्या वर आकडे होते तसे खालीही आकडे होते.

"हे पाह्य," ताई म्हणाली, "शून्याच्या खाली बी हायेत. दाब शून्यापेक्षा कमी कसा होईन?"

खालचा मजकूर वाचल्यावर कळले की या घड्याळाचे शून्य म्हणजे हवा नसणे नव्हे; जमिनीवरची साधी, उघड्यावरची हवा म्हणजे त्याचे शून्य. ती मोजणी तेथून वर आणि तेथून खाली. तरी 'खाली' केव्हा जायचे हे आम्हास उलगडेना. ते मला जिनावर उलगडले. तेथे कापूस ओढून घेणारा पत्र्याचा मोठा पाइप होता. एकदा हमालाने त्याच्या तोंडावर फळी सरकवली, तोंड जवळजवळ बंद झाले, आतला पंखा ओढतच राहिला, आणि पाइपच्या जोडावर बांधलेले गोणपाट फुगण्याऐवजी आत ओढले जाऊन पोटासारखे खपाटीला गेले. मी तसाच धावत ताईकडे गेलो. इंजिन बंद असते तेव्हा आत-बाहेर सारखीच हवा, म्हणून सुई शून्यावर. सुरू झाले की ते ओढू लागते. पण हवा आत सोडणारी झडप तेव्हा जवळजवळ मिटलेली असते, मंद चालीसाठी चिमूटभरच हवा आत सोडलेली असते. म्हणून आतला दाब बाहेरच्यापेक्षा घटतो, आणि जमिनीवर उभे असलेले विमान सुरू होताच सुई वर जात नाही. ती शून्याच्या खाली जाते. पुढे झडप उघडली की मग वर.

ताईने ग्रंथ मिटून कपाटात जागच्या जागी ठेवला, कव्हरची घडी भाऊजी करतात तशी केली, आणि म्हणाली, "हेच विचारजो त्यायले. एकट्यात नाई विचारजो. मानसं असले की विचारजो."

हंगाम संपल्यावर बाबांनी नदीकाठच्या वावरात रोडग्यांचे जेवण घातले. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, वांग्याची भाजी, वरण, आणि राख झटकून फोडलेल्या रोडग्यावर तूप. हा स्वयंपाक पुरुषांनी करावयाचा असतो आणि रोडगे भाजेपर्यंत सर्वांनी सावलीत गप्पा मारीत बसावयाचे असते. भाऊजींनी आपल्या मुख्याध्यापकांना मुद्दाम बोलावून आणले होते, आणि ग्रंथही आणला होता. निखाऱ्यावर राख धरू लागली तेव्हा व्याख्यान ऐन रंगात होते. मी वांगी चिरीत होतो. विळा बाजूला ठेवला, हात धुतले, आणि समोर जाऊन बसलो.

"भाऊजी, एक विचारू का? विमान जमिनीवर उभं हाये. इंजिन बंद हाये. दाबाची सुई शून्यावर हाये. आता इंजिन सुरू केलं. सुई कोनीकडे जाईन?"

"आले गजाननराव," भाऊजी मंडळींकडे पाहून म्हणाले. "कापूस तुडवून तुडवून अक्कल आली वाट्टे. अरे, इंजिन सुरू झालं म्हन्जे दाब वाढनार. सुई वर जाईन. हे तं लहान लेकरू सांगीन."

"पक्कं?"

"लिहून देऊ का तुले?"

"लिहून नका देऊ. तुमच्या पुस्तकात लिहेल हाये. सुई खाली जाते."

कोणी हसले नाही. मी ग्रंथाला हात लावला नाही. कोणत्या चित्राखाली आहे एवढेच सांगितले. मुख्याध्यापकांनी ग्रंथ स्वतःकडे ओढून घेतला आणि चष्मा लावून वाचू लागले. ते वाचीत असताना मी गाडीपासून गोणपाटापर्यंत सारे सांगितले, शांतपणे, जसा आज साहेबापुढे अर्जाचा मजकूर वाचतो तसा. पंखा थंड करण्यासाठी नसतो, हेही शेवटी जोडले.

"मास्तर," मुख्याध्यापक चष्म्यावरून पाहत म्हणाले, "पोरगा बरोबर सांगून राह्यला. तुमी वर्गात बी असंच शिकवता का?"

भाऊजींचा चेहरा प्रथम लाल झाला, मग त्यातला रंग निघून गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. बायका निंबाखाली पत्रावळी मांडीत होत्या, तिकडे पाहिले.

"यानं हे पुस्तक कवा वाचलं?"

ताईला 'मले काय मालूम' असे म्हणता आले असते. आईने तिच्या पाठीला हात लावून तीच खूण केली. ताईने हातातली पत्रावळ खाली ठेवली.

"मी वाचून दाखोलं," ती म्हणाली. "सारं. इंग्रजीत."

मी सुई विचारली होती. तार तिने तोडली. भाऊजी उठले, पायांत चपला घातल्या, आणि ताईला 'चाल' म्हणाले. जावई भरल्या पंगतीतून उपाशी उठला. बाबा पाण्याचा तांब्या घेऊन बांधापर्यंत मागे गेले, "जवाईबापू, पोरगं हाये ते, चार घास खाऊन जा," असे म्हणत राहिले. पण भाऊजी थांबले नाहीत. ताई त्यांच्यामागून चालत गेली. बांधावर तिने एकदा वळून पाहिले. ती रडत नव्हती. मी परत येऊन बसलो आणि पोटभर जेवलो. तसा रोडगा मी नंतर कधी खाल्ला नाही.

त्यानंतर भाऊजींनी ताईचे माहेर बंद केले. आईच्या अखेरच्या दुखण्यात ती आली, तीही दुपारपुरती. बाबांनी बरेच दिवस माझ्याशी बोलणे टाकले. मला शाळा मिळाली नाही. आर्वीला एका वृद्ध अर्जनविसाच्या हाताखाली दौत भरण्याचे काम मिळाले, आणि पुढे त्याचे टेबल मिळाले. भाऊजींचा शाळेचा रस्ता तहसीलवरून होता. मी तेथे बसू लागल्यापासून त्यांनी रस्ता बदलला आणि निवृत्त होईपर्यंत बाजारावरून वळसा घालून गेले. उन्हाळ्यात तो वळसा फार लांब पडतो. येथवर आल्यावर मी दोन ओळी पश्चात्तापाच्या लिहाव्यात अशी वाचकाची अपेक्षा असेल. सदर अपेक्षा मान्य करता येत नाही.

मागील हिवाळ्यापासून भाऊजींच्या फुप्फुसांनी साथ सोडली आहे. ते खाटेवर असतात. उशाशी एक यंत्र असते. नाकातोंडावर मुखवटा पट्ट्यांनी आवळलेला असतो आणि यंत्र त्यातून हवा दाबून छातीत भरते. घरभर एकसुरी फुसफुस चालू असते, थेट आईच्या स्टोव्हसारखी. मुखवटा असेपर्यंत त्यांना बोलता येत नाही. ताईनेच मला निरोप पाठवला: "येजो. दुपारी येजो. दुपारी त्यायले मशीन लावेल राह्यते."

मी धुतलेला सदरा घालून गेलो. भाऊजींनी मला पाहिले आणि हात हलवला. तो 'ये' होता की 'जा' होता हे मी ठरवण्याच्या भानगडीत पडलो नाही. यंत्राच्या काचेवर दाबाचा आकडा उमटला होता.

"डॉक्टर सांगून गेला का दाब वाढोला म्हून," ताई म्हणाली, "पन यायले समजत नाई आकडा काय सांगते ते. तू सांग."

तिने टीव्ही बंद केला, कपाट उघडले आणि तो ग्रंथ काढला. कव्हर आता उरलेले नाही. तिचे बोट आधीच त्या पानात होते.

मी खुर्ची खाटेजवळ ओढली आणि आरंभापासून सुरुवात केली. फुललेला कापूस, बांबूचा पिंजरा, तुडवणारे पाय. पातळ हवा, पंखा, त्याला लागणारा ताकदीचा वाटा. काही गाळले नाही. घाई केली नाही. मध्ये त्यांनी डोळे मिटले तेव्हा ताईने त्यांच्या खांद्याला हात लावला. "झोपू नका," ती म्हणाली, "तो सांगून राह्यला ना." त्यांनी डोळे उघडले. मी गोणपाटापर्यंत आलो आणि थांबलो.

"आता सांगा भाऊजी. विमान जमिनीवर उभं हाये. इंजिन सुरू केलं. सुई कोनीकडे जाते?"

यंत्र फुसफुसत राहिले. त्यांनी ताईकडे पाहिले. ताई ग्रंथ उघडा धरून उभी होती.

"सांगा ना," ती म्हणाली.

चादरीवरचा त्यांचा हात थोडा वर आला, एक बोट सुटे झाले, आणि ते बोट त्यांनी हळूच खाली केले.

"बरोबर," मी म्हणालो.

ताईने पान उलटले. "आता म्होरचं विचार," ती म्हणाली.